कॅनडातला नीलेश, बँकेतला नीलेश

मोनालीचं लग्न झालं ते २०२२ साल. त्याच वर्षी तिचा भाऊ नीलेश नोकरीसाठी कायमचा कॅनडाला गेला. वडील प्रकाशराव यांनी गावातल्या सिंधीपुऱ्याच्या चौकात त्याचा फ्लेक्स लावला, समाजाकडून सत्कार करवून घेतला. नदीकाठी राजघाटावर कोणी भेटलं की कॅनडाच्या थंडीचं कौतुक सुरू. बँकेत मात्र हाच माणूस सांगे, पोरगा इथंच जवळ धूलकोटला केळीचा व्यापार पाहतो.

परदेशी राहायला गेलेल्यानं इथली बँकेची आणि शेअरची खाती अनिवासी करून घ्यायची असतात. प्रकाशरावांना कागदांचा कंटाळा, वर जास्त कर कापला जाईल ही धास्ती. नीलेशचं सिमकार्ड आईच्या, कुसुमबाईंच्या फोनमध्ये. ओटीपी त्या वाचत, नीलेशची सही प्रकाशराव ठोकत. आणि शिकलासवरलेला नीलेश तिकडून म्हणे, चालू द्या.

मग नीलेशला तिथे घर घ्यायचं झालं. शेअर विकून पैसा न्यायचा, तर बँकेला सहीचा संशय आला. खातेदाराला समोर आणा म्हणाले. प्रकाशरावांनी पुतण्या पंकजला बोलावलं आणि नीलेशचा चष्मा लावून बँकेत जायला सांगितलं. पंकज आरशासमोर उभाही राहिला!

कुसुमबाईंनी त्याच्या नाकावरून चष्मा काढून घेतला.

"सगळेच करतात," प्रकाशराव गुरगुरले.

"सगळे फ्लेक्स लावून नाही करत. चौकात पोरगं कॅनडात, बँकेत पोरगं धूलकोटात! तुमच्या छातीत दोन स्टेंट. उद्या तुम्ही गेले तर ह्या खोट्या सह्यांचा जाब कोणाले विचारतील? मले. अन् पंकजले काय जन्मभर नीलेश करून ठेवू?"

दुसऱ्या दिवशी प्रकाशरावच कुसुमबाईंना घेऊन बँकेत गेले आणि खरं बोलले. समोरचा बाबू नीलेशच्या सत्काराला हजर होता. पंकज गेला असता तर तिथेच पकडला गेला असता.

फॉर्म कॅनडाला गेले, नीलेशच्या खऱ्या सहीनं परत आले. शेअर नव्या खात्यात गेले, कर भरला, पाच महिन्यांनी पैसा रीतसर पोचला. एवढंच काम होतं, मंडळी! ज्या कायद्याला आपण घरात बसून हसतो, तो म्हाताऱ्या आईबापांच्या गळ्यात अडकतो. पोरानं देश बदलला की पहिल्याच महिन्यात खाती बदला, आणि मग लावा काय फ्लेक्स लावायचे ते.

प्रकाशराव ९ ऑगस्ट २०२५ रोजी पहाटे हृदयविकारानं वारले. खोट्या सह्यांचा जाब विचारायला कुसुमबाईंकडे कोणी आलं नाही.