बिबड्यांवर रोखलेली दुर्बीण

मी सावद्याच्या गिरधरनानांची दुर्बीण. माझ्याबद्दल गल्लीत बरंच बोलून झालं, पण मला कोणी विचारलं नाही. म्हणून आज मीच बोलते.

दिसायला मी काही खास नाही. पांढरी जाड नळी, तळाशी आरसा, वर डोळा लावायची काच आणि तीन पाय. नाना दीपनगरला वीज केंद्रात होते. तिथल्या दिव्यांत आणि धुरात त्यांना आकाश कधी नीट दिसलं नाही. रिटायर झाल्यावर त्यांनी मला मागवलं. खोकं उघडलं तेव्हा त्यांच्या पत्नी कुंदाबाई म्हणाल्या, "मले वाटलं, गिझर आणला!"

पहिले महिने मजेत गेले. चंद्राचे खड्डे पाहिले, गुरूचे चार चंद्र पाहिले. नाना माझ्या काचेला मोबाईल टेकवून फोटो काढत. हात हलायचा, गुरूची शेवई व्हायची. तरी तो फोटो नातेवाइकांना जायचाच. नातेवाईक न उघडताच हात जोडलेले पाठवायचे. माणसांचं असंच असतं.

मग टाळेबंदीचा उन्हाळा आला. माझ्या पाठीवर एक छोटी दुर्बीण असते. आधी तिच्यातून ग्रह हेरायचा, मग माझ्यातून पाहायचा. आम्हा दोघींची नजर जुळवावी लागते, आणि ते काम दिवसाउजेडी, लांबची न हलणारी वस्तू धरून करतात. नानांनी आमच्या गच्चीवरून मोबाईलचा टॉवर धरला. टॉवर नेमका शेजारच्या लताबाईंच्या गच्चीमागे. आणि त्या सकाळी लताबाई जावांना घेऊन गच्चीवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालत होत्या. पदर खोचलेले, हात ज्वारीच्या घाट्यात.

नानांना टॉवरशिवाय काही दिसत नव्हतं. एक डोळा मिटलेला, नळी सरळ बायांवर.

"काहो नाना!" लताबाई कडाडल्या. "बाया बसेल दिसत नही का? काय पाही राह्यले?"

"टॉवर पाही राह्यलो, वहिनी."

"टॉवर? म्हातारपणी टॉवर पाह्याची हौस आली का?"

जावा फिसकन हसल्या. ते हसणंच नानांना लागलं. भांडल्या असत्या तर त्यांनी समजावलं तरी असतं.

माणसं घरात कोंडलेली होती, गोष्टी नव्हत्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं. नानांनी मला खताच्या रिकाम्या गोणीत घालून माळ्यावर टाकलं. दोन घरांतलं बोलणं बंद झालं. त्या वर्षी कुंदाबाईंकडे लताबाईंच्या बिबड्या आल्या नाहीत.

डिसेंबरात गुरू आणि शनी इतके जवळ येणार होते, की दोघं माझ्या एकाच गोलात मावतील. पुन्हा असे जवळ येतील तेव्हा नाना नसतील. त्यांना एक फोटो हवा होता, बिनहललेला. पण दिसणार कुठे? मावळतीला, खाली, बरोबर लताबाईंच्या गच्चीवर.

"राहू दे," नाना म्हणाले. "परत तिकडे नळी केली तर गल्लीतून चालायची सोय राहणार नाही."

त्या दिवशी सूर्य बुडाला तशी कुंदाबाईंनी मला गोणीसकट खाली ओढलं, गच्चीवर नेलं आणि कठड्याशी जाऊन हाक मारली, "लताबाई, या वं इकडे. हे काय पाहतात ते आधी तुम्हीच पाहा!"

लताबाई आल्या, तोंड वाकडं करूनच. नानांनी ग्रह धरून दिले आणि बाजूला झाले. लताबाईंनी डोळा लावला.

"एकाले कडं आहे," त्या हळूच म्हणाल्या.

"तो शनी."

लताबाईंनी चपला काढून लांब सारल्या आणि परत डोळा लावला. "व माय! याले मी दर शनवारी तेल वाहते, आन् हा असा दिसते? इतका नाजूक?"

ग्रह गोलातून सारखे निसटतात. नाना वाकून मला सरकवून देत होते, आणि दर वेळी लताबाईच पुढे होत होत्या. खाली केळीच्या बागांवर धुरकं साचत चाललं होतं. कुंदाबाईंनी कोपर मारलं, "फोटो काढा ना! सांगा तिले, सरक म्हणून."

नानांच्या हातात मोबाईल तयार होता. त्यांनी तो खिशात टाकला. "पाहू दे."

"अवं या वं बठ्ठ्या!" लताबाईंनी सगळ्या जावांना ओरडून सांगितलं. "नानांनी शनी धरेल आहे!"

धाकटी जाऊ पाहत होती तेव्हाच ग्रह धुरक्यात गेले. फोटो राहिला.

आता माझ्या आरशावर बुरशीचे ठिपके आहेत, एक पाय सुतळीने बांधलेला आहे. माझी एखादी बहीण तुमच्याकडे खोक्यात पडली असेल तर तिला वर घेऊन जा, आणि जाताना शेजारच्यांना हाक मारा. एवढंच सांगायचं होतं.

नानांनी गुरू-शनीची ती जोडी धरण्यापुरतीच पाहिली. कोणी विचारलं तर ते कठड्यावरून म्हणतात, "लताबाई, सांगा बरं कशी दिसत होती." लताबाई हातातलं काम टाकून सांगायला लागतात. दर वेळी शनीचं कडं थोडं मोठं होत जातं. नाना दुरुस्त करत नाहीत. नीट कान देऊन ऐकतात.