उरलेलं कोणी खायचं?

राजापेठेतल्या वानखड्यांच्या घरी फ्रिज उघडला की आधी वाट्या दिसतात. एका वाटीत परवाची वांग्याची भाजी, दुसरीत काल रात्रीचं वरण, तिसरीत अर्धा आलुबोंडा आणि मागच्या कोपऱ्यात झाकण घातलेलं असं काहीतरी, ज्याचं नाव घरातल्या कोणालाच सांगता येणार नाही. या सगळ्या वाट्यांची मालकीण मात्र एकच, घरची सून नीलम. भाजी केली ती सगळ्यांसाठी. आवडली नाही ती लेकीला, रागिणीला. बाहेरून गिला वडा खाऊन घरी आला तो नवरा, अनुप. पण उरलं ते नीलमचं. असं कोणी बसून ठरवलं नव्हतं. तुमच्या घरीही कोणी ठरवलेलं नसेल.

व्हायचं तेच झालं. नीलमचं पोट वर्षभर कुरकुरत होतं. जेवण झालं की छातीत जळजळ, घशाशी आंबट, पोट फुगून नगारा. मेडिकलवाल्याने तिला पाहिलं की तो न विचारताच गोळ्यांची पट्टी काढायचा. शेवटी कंटाळून ती वैद्य दामिनीताईंकडे गेली. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, सगळं विचारून घेतलं आणि म्हणाल्या, "पोटाले जराशी सुट्टी द्या. आठवडाभर मुगाची पातळ खिचडी, वरून चमचाभर तूप. जिऱ्याचं कोमट पाणी. दुपारी ताक. शिळं बंद, तळलेलं बंद, तर्री बंद. उपास करू नका, भूक लागली की खा. फक्त ताजं, गरम अन् खाली बसून खा. त्यानंही फरक नाई पडला तं तपासण्या करू."

नीलम खूश होऊन घरी आली. यात कठीण काय आहे? मूग घरात, तांदूळ घरात, तूप सासूबाईंनी स्वतः कढवलेलं. बिचारीला वाटलं, खिचडीच काय ती करायची आहे.

पहिल्याच दिवशी सासूबाई, मनकर्णाबाई, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या.

"घरात कोणाले ताप नाई, काई नाई, अन् खिचडी?"

"माह्यापुरतीच आहे आई. तुमच्यासाठी भाजी-भाकर केली."

"अन् मंग कालच्या पोळ्या? थ्या कोण खाईन?"

हा प्रश्न त्या घरात रोजच विचारला जायचा आणि उत्तर देण्याऐवजी नीलम पोळी गरम करून खायची. त्या दिवशी तिने पोळ्या फ्रिजमध्येच राहू दिल्या. मनकर्णाबाईंनी फ्रिजचं दार ज्या पद्धतीने लावलं, त्यात सगळं आलं.

मग अनुप म्हणाला, "नीलम, भाजीत मीठ बरोबर आहे का, जराशी चाखून पाय न." चाखली. रागिणीला ट्यूशनला उशीर होत होता, तिने अर्धा पराठा ताटात टाकला आणि स्कूटी काढली. "टाकू नको वं, अन्न आहे थे," सासूबाई म्हणाल्या. टाकायचा नाही म्हणजे खायचा. खाल्ला. सगळ्यांचं आवरून नीलम आपल्या खिचडीकडे वळली तेव्हा ती गार होऊन घट्ट बसली होती. ती तिने उभ्याउभ्याच, भांडं हातात धरून खाल्ली. ताजं, गरम अन् खाली बसून! दामिनीताई कोणत्या घरात राहतात, असं तिला क्षणभर विचारावंसं वाटलं.

तरी बाई नेटाची. तिने चाखायचं काम अनुपवर टाकलं, डब्यातली पोळी गायीला दिली आणि दोन दिवस धरून ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी उठली तेव्हा घशाशी काही आलं नव्हतं. तिला इतकं हलकं वाटलं की सवयीने हातात घेतलेली गोळी तिने परत ठेवून दिली.

आणि नेमकं तेव्हाच अनुपने अकोल्याला बहिणीला फोन केला.

"काई नाई वं पौर्णिमा, नीलमचं पोट बिघडलं. वैद्यानं नुसत्या खिचडीवर ठेवलं तिले. खिचडी अन् कोमट पाणी, बस."

तो सहज बोलला. पण आपल्याकडे घरची सून सगळ्यांचं सोडून वेगळं जेवते म्हणजे दुखणं मोठंच असणार, असा सरळ हिशोब असतो. धडधाकट बाई स्वतःच्या पोटासाठी वेगळं भांडं चढवेल, हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. पौर्णिमाने भातकुलीला कळवलं, भातकुलीने अंजनगावला. प्रत्येक गावात नीलमचा आजार थोडा वाढला. अंजनगावात पोचेपर्यंत तिचं ऑपरेशन ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी भातकुलीचे पुंजाजीकाका आणि काकू संत्र्यांची पिशवी घेऊन दारात. काका पडेल आवाजात म्हणाले, "चेहरा लय उतरला वं सूनबाई."

"मले काही नाई झालं काका. पोट हलकं करून राहिली, बस."

"सांगू नको तू. आमाले समजते." काकांनी डोळे पुसले. "पण नुसत्या खिचडीनं ताकद कशी येईन? वरून वाटीभर तर्री घेत जा."

नीलम पाणी देऊन टेकते न टेकते तोच मनकर्णाबाईंची हाक आली. भेटायला आलेली माणसं उपाशी जातील का? बेसन झालं, भाकरी झाल्या, कोथिंबिरीची सांभारवडी तळून झाली. काकूंनी एक वडी नीलमच्या तोंडात स्वतःच्या हाताने घातली, आजारी माणसाला प्रेमाने घालतात तशी. दुपारभर नीलमची छाती जळत राहिली. पेशंट रांधतो आणि भेटायला आलेले जेवतात, असा दवाखाना तुम्ही कुठे पाहिला नसेल. घरोघरी मात्र तो बिनबोभाट चालू असतो.

रविवारी अकोल्याची मंडळी यायची होती. पौर्णिमा, तिचा नवरा श्यामराव आणि मनकर्णाबाईंची धाकटी बहीण सत्यवतीमावशी. मावशी आरोग्य केंद्रात नर्स होत्या, आता निवृत्त. मनकर्णाबाईंनी सकाळीच जाहीर केलं, "पातोड्यांचा रस्सा, पुऱ्या अन् शेवयाची खीर."

"आई, आज साधं करू न. मले तळणाच्या वासानंही मळमळते."

"जवाई किती दिवसानं येऊन राहिले. अन् तुलेच पाहाले येऊन राहिले न?"

नीलमने कढई चढवली. मागच्या शेगडीवर लहानशा भांड्यात तिची खिचडी शिजली आणि शिजून तशीच झाकून राहिली.

पंगत बसली. मनकर्णाबाई वाढायला उभ्या राहिल्या की ताटावर हात आडवा धरणाऱ्याची बोटं पोळतात, इतका त्यांचा आग्रह. श्यामराव "नको, नको, पोट भरलं" म्हणत होते आणि पुऱ्या पडत होत्या. पौर्णिमाच्या वाटीत रस्सा काठोकाठ झाला. जेवणं उरकली तेव्हा प्रत्येक ताटात काहीतरी होतंच. कुठे दोन पुऱ्या, कुठे अर्धी वाटी बेसनाच्या पातोड्या, रागिणीच्या ताटात खीर. सगळे दिवाणखान्यात जाऊन नीलमच्या तब्येतीची चर्चा करू लागले.

आणि नीलम ओट्याशी उभी राहून श्यामरावांची पुरी खात होती. तिला भूक लागली होती, हे खरं. पण खरी गोष्ट अशी की तिचा हात तिला न विचारताच ताटाकडे गेला होता. दुसऱ्या घासालाच घशाशी आंबट आलं. ती ओटा धरून खाली वाकली.

"काय खाऊन राहिली तू?" मागे सत्यवतीमावशी उभ्या होत्या, आपलं ताट घासायला ठेवायला आलेल्या.

"उरलं होतं थोडंसं."

"अन् तुही खिचडी?"

नीलमने मागच्या शेगडीकडे पाहिलं. मावशींनी झाकण काढलं. खिचडीवर पापुद्रा धरला होता. तेवढ्यात मनकर्णाबाई आणखी दोन ताटं घेऊन आल्या. "नीलम, हे एवढं संपवून टाक माय. अन्न टाकाव नाई."

"नाई खात," नीलम म्हणाली.

ती ओरडली नव्हती, पण दिवाणखान्यातलं बोलणं थांबलं.

"मी काय कचऱ्याची बादली आहे का आई? तुमी सारे मले पाहाले आले न? मंग चुलीपाशी मीच कावून उभी आहे? सकाळपासून एकानं तरी विचारलं का, नीलम, तू जेवली का म्हणून? मले कोणताच मोठा रोग नाई झाला. मले फक्त एक आठवडा माह्या पोटापुरतं जेवाचं होतं. तेवढंही या घरात जमून नाई राहिलं!"

तिचे डोळे भरून आले आणि त्याचा तिला आणखीच राग आला. मनकर्णाबाईंचा चेहरा पडला. "मी काय वाईटाचं सांगितलं? आमी नाई खाल्लं का जलमभर? माह्या सासूनं तं कधी हाताले लागलेली कणीकही वाया जाऊ नाई देली."

"खाल्लं न बाई, तू खाल्लं," सत्यवतीमावशी म्हणाल्या. "म्हणून तं तुह्या उशाशी खाण्याच्या सोड्याची डबी असते. मले काय मालूम नाई?"

मनकर्णाबाईंनी झटकन दिवाणखान्याकडे पाहिलं. ही डबी कोणाला ठाऊक नाही, असं त्या समजून होत्या.

"पाय बाई, अन्न टाकू नये हे मलेही पटते. पण तूच बळजबरी वाढतं. जवाई नको म्हणतात, तरी वाढतं. त्यानं उरते. अन् उरलं का ते सुनेच्या पोटात जाते. हे काय अन्न वाचवणं झालं? भूक नसलेल्या पोटात कोंबलं, तं तेही वायाच गेलं न, अन् वरून दवाखाना. वाचवाचं असन तं वाढतानी वाचवा. अन् ज्याच्या ताटात उरलं, त्यानं ते खावं. घरातली एक बाई त्यासाठी राखून ठेवली आहे का आपण?"

मग श्यामराव अवघडून आत आले आणि त्यांनी आपलं ताट ओळखून उचललं. "थ्या पुऱ्या माह्या आहेत वैनी. डब्यात भरून द्या, संध्याकाळी खाईन मी." त्यांच्या मागोमाग रागिणी आली आणि खिचडीचं भांडं पाहून आपली खीर संपवायला लागली.

अनुपने शेगडी पेटवली. खिचडीत थोडं पाणी घातलं, ढवळली, तरी खाली लागलीच. पण वाफ आली. त्याने तूप घातलं, ताट वाढलं आणि बायकोसमोर जमिनीवर आसन टाकलं. "बस. उठू नको आता," तो म्हणाला. "मले हे आधीच दिसाले पाह्यजे होतं."

नीलम बसली. पहिला घास घेतला आणि हळूहळू चावत राहिली. मग भिंतीला धरून मनकर्णाबाई सुनेच्या शेजारी टेकल्या.

"आहे का वं थोडी? मलेही वाढ."

अनुपने वाढली. मनकर्णाबाईंनी घास तोंडात घातला आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. फुंकर घातली. दुसरा घास घेतला. मग ताटाकडे बघत म्हणाल्या, "किती गरम आहे. मी असं गरम कवा जेवली होती, मलेच आठवून नाई राहिलं."

पन्नास वर्षं त्या घरात गरम पोळ्या वाढणारी ती बाई होती. सत्यवतीमावशींनी तोंड फिरवलं आणि नीलमने आपल्या ताटातलं तूप सासूबाईंच्या खिचडीवर घातलं.

सोमवारपासून आठवडा नव्याने सुरू झाला, या वेळी दोन ताटांचा. चमत्कार वगैरे झाला नाही. नीलमचं पोट हळूहळू शांत झालं, मनकर्णाबाईंची डबी उशाशीच आहे पण भरलेली राहते, आणि रागिणी अजूनही पराठा टाकून पळते. फरक एवढाच, की तो अर्धा पराठा संध्याकाळी तिच्याच ताटात येतो. फ्रिजमध्ये आता एखादीच वाटी असते आणि ती कोणाची हे सगळ्यांना माहीत असतं.

मंडळी, वैद्याने सांगितलेला आहार घरात टिकत नाही, तेव्हा आपण बाईच्या निश्चयाला बोल लावतो. तो टिकत नाही कारण तिच्या पोटावर घरातल्या प्रत्येकाने हक्क सांगितलेला असतो, कोणी उरलेल्याने, कोणी आग्रहाने. अन्नाचा मान राखायचाच, पण तो आपापल्या ताटात राखावा. आज जेवायला बसाल तेव्हा सगळ्यात शेवटी आणि उभ्याने कोण जेवतं, ते जरा मान वर करून बघा. आणि भांड्यातलं गरम आहे तोवर तिला बसायला जागा करून द्या.