मी पोहरा, थंड पाण्याचा साक्षीदार

मी एक जुना पोहरा आहे, मित्रांनो, जस्ताच्या पत्र्याचा. कुशीला दोन पोचे, आणि कडी एकदा तुटून पुन्हा जोडलेली. पाराग्वेतल्या लाल मातीच्या एका गावात, काराई बासिलिओच्या अंगणातल्या विहिरीवर माझी चाळीस वर्षं गेली. आमच्याकडे वडीलधाऱ्यांना नुसत्या नावाने हाक मारत नाहीत. पुरुषाला 'काराई' म्हणतात, बाईला 'न्या'.

तेव्हा चार घरं माझ्या पाण्यावर होती. सकाळी बासिलिओ ते पाणी किटलीत उकळून गरम माते, म्हणजे येर्बाच्या पानांचा कडवट चहा, घ्यायचा. दुपारी त्याच पाण्यात बर्फ पडायचा आणि आंब्याखाली थंड तेरेरे रंगायचं. शिंगाच्या पेल्यात येर्बाची पूड, वरून कुटलेल्या औषधी पाल्या-मुळ्यांचं पाणी, एकच नळी, आणि पेला सगळ्यांमध्ये फिरता. पहिला पेला संत तोमासचा. तो कोणी पीत नाही, येर्बाच शोषून घेते. आणखी एक रीत आहे. हवं असेल तोवर रिकामा पेला मुकाट्याने परत द्यायचा. 'धन्यवाद' म्हटलं की तुमचं झालं. पेला तुम्हाला वगळून पुढे जातो.

पाला कुटून विकायची न्या देमेत्रिया. आंब्याच्या बुंध्याशी तिची टोपली आणि लाकडी उखळ असायचं. मुसळाचा ठोका ऐकला की मला कळायचं, आता दोर हलणार. "पाला माझा, पण चव या पोहऱ्याची," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. पत्र्याच्या जिवाला आणखी काय हवं?

मग एका उन्हाळ्यात तेरेरेला वास येऊ लागला. पेट्रोलसारखा, पुसटसा. लोकांनी विचार केला: सकाळच्या मातेला वास नाही. विहीर तीच, पोहरा तोच. फरक काय तो पाल्याचा. विचार इतका सरळ होता की कोणी तो पुन्हा तपासला नाही.

त्या दुपारी देमेत्रियाने पेला भरून बासिलिओला दिला. त्याने एक घोट घेतला आणि म्हणाला, "धन्यवाद, न्या देमेत्रिया."

तिचा हात तसाच राहिला. "पहिल्याच पेल्याला, काराई?"

"हल्ली पाला कुठे तोडता? गॅरेजच्या मागे?"

कोणीतरी हसलं. तिने मुसळ टोपलीत ठेवलं. तीस वर्षं गावाच्या पोटदुख्या तिच्या उखळाने थांबवल्या होत्या. पण महिन्याभरात गिऱ्हाईक आटलं आणि आंब्याखालची जागा रिकामी झाली. वासाचं मूळ मला ठाऊक होतं, मित्रांनो. रोज मीच तर ते वर आणत होतो. पण पोहऱ्याला वाचा कुठली?

पुढच्या सुट्टीत बासिलिओची पुतणी निदिया राजधानीहून आली. भूजल शिकून ती सरकारी खात्यात लागली होती. सगळी हकिकत ऐकून तिने एवढंच विचारलं की, पाल्याशिवाय नुसतं थंड पाणी कोणी पिऊन पाहिलं का.

"नुसतं पाणी?" बासिलिओ म्हणाला. "मी काय आजारी आहे?"

तिने मला विहिरीत सोडलं. माझ्या पाण्यातून दोन बरण्या भरल्या. एक तशीच झाकली, दुसरीचं पाणी उकळून गार केलं. मग काकाला डोळे मिटायला लावून दोन्ही हुंगायला दिल्या. पाल्याचं पानही नसलेल्या कच्च्या पाण्याला वास होता. उकळलेल्याला नव्हता.

"पेट्रोलमधली ही द्रव्यं उकळताना उडून जातात, काका. सकाळी तुमची किटली त्यांना हाकलत होती. थंड पाण्यात ती तशीच राहिली."

बासिलिओ बरणीला झाकण लावायचं विसरला.

आमच्या चढावर पूर्वी पेट्रोलपंप होता. नऊ वर्षांपूर्वी तो बंद झाला, पाटी गेली, पण टाक्या जमिनीतच राहिल्या. निदियाच्या खात्याने पंपापासून आमच्या अंगणापर्यंत बोटभर रुंदीची नव्हे, चांगली वीतभर रुंदीची भोकं पाडली. पाणी काढायला पारदर्शक नळ्या आल्या, एकदा वापरून फेकायच्या. मला जरा वाईट वाटलं. नमुन्याच्या बाटल्या काठोकाठ भरत, हवेचा एक बुडबुडाही राहू देत नसत. पंपाकडे जावं तसे पाण्यातल्या पेट्रोलचे आकडे वाढत गेले. टाकी उकरली तेव्हा तिच्या गंजलेल्या बुडाला अंगठा जाईल एवढं भोक होतं.

बासिलिओ त्याच दिवशी टोपी हातात घेऊन देमेत्रियाच्या दारात गेला. ती म्हणाली, "राग नाही. पण येईन तर त्याच विहिरीच्या पाण्यावर. तोवर नाही."

मग पेट्रोल हुसकून काढायला जमिनीत हवा फुंकणारी यंत्रं घरघरू लागली. वर येणारी वाफ कोळशातून गाळून सोडत. गावाला टँकरचं पाणी, आणि मी खिळ्यावर. माझ्यात कोळ्याने जाळं विणलं. चार वर्षं बासिलिओ दर महिन्याला निदियाला आकडा विचारत होता आणि दर वेळी आंब्याकडे बघत होता.

मित्रांनो, टाकी पुरली म्हणजे ती संपत नाही. पाटी काढलेल्या जागेचीही चौकशी करा. आणि एखाद्या माणसावर बोट ठेवण्याआधी नुसतं पाणी एकदा हुंगून बघा. माझी गेलेली चार वर्षं परत येणार नाहीत. न्या देमेत्रियाचीही नाहीत.

लागोपाठ तीन तपासण्या स्वच्छ आल्या. त्या दुपारी मुसळाचा ठोका ऐकू आला, थोडा संथ, पण तोच. बासिलिओने जाळं झाडलं आणि मला खाली सोडलं. पहिला पेला संत तोमासला गेला. दुसरा बासिलिओला. तो प्यायला आणि पेला मुकाट्याने परत दिला. तिने पुन्हा भरला, त्याने पुन्हा परत दिला. बर्फ विरघळला, सावली फाटकापर्यंत गेली, मला दोनदा विहिरीत उतरावं लागलं.

धन्यवाद कोणीच म्हणालं नाही.