भिंतीपासून चार बोटं

मी ओळंबा बोलतोय. खरं तर माझं बोलणं म्हणजे नुसतं लटकणं. दोरीच्या टोकाला स्थिर व्हायचं आणि भिंत सरळ आहे की नाही ते दाखवायचं, यापलीकडे मला काही येत नाही. पण आज चार शब्द जास्त बोलणार आहे, कारण माझ्याकडे किती वेळ उरलाय ते मलाच ठाऊक नाही.

ज्यांनी मला कधी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मी पितळेचा, वर गोल आणि खाली निमुळता. एका जाड चष्म्याच्या कारागिरानं मला लेथवर कातलं आणि तीनदा नाकासमोर धरून पाहिलं. माझी दोरी एका लाकडी गट्टीतून जाते. गट्टीची रुंदी माझ्या पोटाएवढीच. गट्टी भिंतीच्या माथ्याला टेकवायची आणि मला खाली सोडायचं. मी भिंतीला जेमतेम शिवून राहिलो तर भिंत सरळ. मी भिंतीपासून सुटून राहिलो तर भिंत पुढे कललेली. बस्स, एवढंच माझं शास्त्र. यात माझी मर्जी चालत नाही आणि कुणाची भीडही चालत नाही.

मला घेतलं एका मिस्त्रीनं. तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं. तीस वर्षं आम्ही लोकांची घरं बांधली. मिस्त्रीची एक खोड होती. कुठल्याही कामावर गेला की आधी विचारायचा, "पाणी कुठून जाणार?" मालक खिडक्यांचं, फरशीच्या रंगाचं बोलत असायचे आणि हा आपला पाण्याचं विचारायचा. मालक वैतागायचे. पण त्यानं बांधलेल्या एकाही घरात ओल आली नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो.

शेवटी त्यानं स्वतःसाठी घर बांधलं, उताराच्या जागेवर. मागची टेकडी कापून छोटं अंगण काढलं, आणि वरची माती खाली येऊ नये म्हणून दीड पुरुष उंचीची भिंत उभी केली. त्या भिंतीचा प्रत्येक थर मी तपासलाय. तळाशी त्यानं सहा भोकं ठेवली. मागच्या मातीत मुरलेलं पाणी त्यातून झिरपून जायचं. त्याची लेक तेव्हा शाळेत होती. त्या भोकांत ती काड्या घालायची आणि बापाचा ओरडा खायची.

पुढे मिस्त्रीच्या बायकोचे गुडघे दुखायला लागले. चढ झेपेना. दोघं खाली सपाटीवर राहायला गेली आणि हे घर लेकीनं हातात घेतलं. दोन दिवस, चार दिवस राहायला येणाऱ्या पाहुण्यांना ती ते भाड्यानं द्यायला लागली. पोरगी हुशार. वर्षभरात आणखी दोन घरं तिनं सांभाळायला घेतली. मिस्त्रीला मात्र हे रुचलं नाही. "आपल्या पलंगावर रोज नवा माणूस!" म्हणून तो इकडे फिरकेनासा झाला.

हत्यारांची पिशवी आवरताना मी लेकीच्या हाती लागलो. "अय्या, कसला गोड आहे!" ती म्हणाली. ज्यानं तीनशे भिंती सरळ केल्या त्याला गोड म्हणायचं! पण काय करता? तिनं मला घासूनपुसून चकचकीत केलं आणि मागच्या अंगणात, त्याच भिंतीच्या माथ्याला खुंटी ठोकून गट्टीसकट टांगलं. शेजारी एक कंदील. शोभेची वस्तू झालो मी. त्यातल्या त्यात समाधान एवढंच की माझं पोट आपल्या भिंतीला टेकलेलं होतं.

तिथे लटकून मी माणसं पाहिली. स्वतःच्या घरात खुर्ची उचलून ठेवणारा माणूस भाड्याच्या घरात ती फरफटत नेतो. सूचना लिहिलेली वही आधी कुणी वाचत नाही, काहीतरी मोडलं की वाचतात. त्या वहीत 'गादी खिडकीतून खाली टाकू नये' असं लिहिलंय. असं का लिहावं लागलं ते विचारू नका. एकानं माझ्यावर ओला टॉवेल वाळत घातला. पण सगळे काही तसले नव्हते. एक म्हातारी बाई जाताना गादीवरची चादर स्वतः घडी करून गेली आणि वर "त्रास दिला हं" म्हणाली.

मग तो शेरा आला. कुणा पाहुण्यानं लिहिलं, 'मागच्या भिंतीतून पाणी गळतं. काळे डाग आहेत. किळस आली.' लेकीनं तो फोनवर अंगणात उभ्या उभ्या वाचला आणि तिचं तोंड एवढंसं झालं. दुसऱ्याच दिवशी गिलावा करणारा माणूस आला. त्यानं सहाच्या सहा भोकांत सिमेंट कोंबलं, वरून गिलावा केला, पांढरा रंग दिला. भिंत फोटोत झकास दिसायला लागली. तेवढ्यानं भागलं नाही म्हणून भिंतीमागच्या वरच्या सपाट जागेवर हिरवळ लावली, आणि सकाळ-संध्याकाळ आपोआप सुरू होणारे फवारे.

पाणी कुठून जाणार? मी आतल्या आत ओरडत होतो. पण ओळंब्याचं ओरडणं कोण ऐकणार!

पहिला महिना काही झालं नाही. मग एका दुपारी माझ्या आणि भिंतीच्या मध्ये कागद सरकेल एवढी फट पडली. मला वाटलं, वाऱ्यानं असेल. पण वारा पडला तरी फट तशीच. मग एक बोट. मग दोन. लोकांना वाटतं भिंत पडते ती धाडकन. नाही हो. आधी ती अशी गुपचूप पुढे येते, आणि तिच्या पायाशी माणसं खुर्च्या टाकून गप्पा मारत बसलेली असतात. माझ्या समोर एक बाई बाळाला मांडीवर घेऊन तासभर बसली होती. तो तास मी कसा काढला ते माझं मला माहीत.

हे सगळ्यांत आधी कळलं ते साफसफाई करणाऱ्या मावशींना. पाहुणे गेले की त्या मला उचलून मागची धूळ पुसायच्या. एके दिवशी त्यांना मला उचलावंच लागलं नाही. फडकं सरळ मागून फिरलं.

"ताई, हे लटकन भिंतीपासून सुटलंय बघा."

"खुंटी वाकली असेल हो मावशी," लेक फोनमध्ये बघत म्हणाली. "आणि ते सारखं हलतं, फोटोत वाकडं येतं. खाली खिळा मारून तारेनं बांधून टाका ना."

आणि मला बांधलं. गळ्याला तार आवळून भिंतीशी जखडलं. पुन्हा माझं पोट भिंतीला टेकलं, पुन्हा मी फोटोत सरळ आलो. उभ्या आयुष्यात मी पहिल्यांदा खोटं बोलत होतो, तेही मिस्त्रीच्या भिंतीवर, त्याच्याच लेकीच्या हुकमानं. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

पंधरा दिवस मी तसाच होतो. तार रोज थोडी जास्त रुतायची. मग तो दिवस उजाडला. दुपारी तीनला अकरा जण येणार होते. त्यांच्या आजोबांच्या वाढदिवसाचं जेवण अंगणात, भिंतीच्या सावलीत. मावशींनी लांब टेबल भिंतीला लावून मांडलं आणि मला पुसायला वाकल्या. तारेचा गंज बोटाला लागला म्हणून त्यांनी ती सोडली.

मी सुटलो तो थेट बाहेर आलो. दोनदा झुललो आणि थांबलो. भिंतीपासून चार बोटं.

मावशींनी फडकं खाली ठेवलं. मग त्यांनी फोन काढला. ताईंना लावला असता तर पुन्हा तारच आली असती. त्यांनी लावला मिस्त्रीला. "दादा, मला यातलं काही कळत नाही. पण तुम्ही आत्ता या. ताई मला कामावरून काढतील, काढू देत."

मिस्त्री आला तेव्हा लेकही पोचली होती. त्यानं आधी तळहातानं मला शांत केलं, फटीत बोटं घातली. एक, दोन, तीन, चार.

"कुणालाही इथे येऊ द्यायचं नाही," तो म्हणाला.

"बाबा, अकरा माणसं निघालीत. तासाभरात पोचतील. ऐन वेळी कसं नाही म्हणू? हे घर बंद पडेल माझं!"

"भिंतही निघालीय. ती कधी पोचेल ते मला सांगता येत नाही."

"आज एक दिवस—"

"पोरी, ही भिंत मी बांधलीय." एवढं म्हणून तो टेबलापासून लांब एका खुर्चीत मटकन बसला. "तीस वर्षांत माझी एक भिंत हलली नाही. नेमकी घरचीच हलली. पाया कमी खोल घेतला असणार. कुठेतरी चुकलोच मी."

मावशींनी लेकीकडे पाहिलं. लेकीनं भिंतीच्या तळाशी पाहिलं, जिथे आता एकसारखा पांढरा रंग होता. गप्प राहिली असती तर बापानं सगळं आपल्या माथी घेतलं असतं. मला भीती वाटत होती ती नेमकी याची. भिंतीच्या पडण्याइतकीच.

"बाबा, भोकं मी बुजवली," ती म्हणाली. "तुम्ही नाही चुकलात. डाग पडत होते म्हणून मी बुजवली. आणि याला बांधूनही मीच ठेवायला सांगितलं."

मिस्त्री रागावेल असं वाटलं. पण तो उठला आणि म्हणाला, "आधी वरचं पाणी बंद कर. मग फाटकावर जा."

ती धावली. पाहुण्यांची गाडी आली तेव्हा ती फाटकात आडवी उभी होती. आवाज चढले, कुणीतरी तिला नाही नाही ते बोललं. तिनं ऐकून घेतलं, हात जोडले, पण फाटक उघडलं नाही.

ही गोष्ट कालची. आज सकाळपासून दोन मजूर वरची माती काढताहेत, म्हणजे भिंतीवरचा भार कमी होईल. खाली अंगणात दोरी बांधलीय, तिच्या अलीकडे कुणी यायचं नाही. मावशींना मला काढून घ्यायचं होतं. मिस्त्री म्हणाला, "राहू दे त्याला. तोच सांगेल." त्याची नजर आता अधू झालीय, म्हणून दोरीपलीकडे खुर्ची टाकून लेक बसलीय. फोन वाजतोय, उचलत नाहीये. सकाळपासून ती फक्त माझ्याकडे बघतेय. वर मिस्त्री मजुरांसोबत उभा आहे, सांगूनही कडेच्या फार जवळ.

ताई, डोळे चोळू नकोस. मावशी चहा देतायत, घेऊ नकोस. मला ओरडता येत नाही गं, मला फक्त हलता येतं. मागे काहीतरी सुटल्यासारखं वाटतंय. चार बोटांची आता साडेचार होतायत.

हललो मी. केसभर.

"बाबा, मागे! सगळे मागे व्हा!"

तिनं पाहिलं. वर फावडी पडल्याचा आवाज आला, पावलं पळाली. मिस्त्रीनं काय झालं म्हणून विचारलंसुद्धा नाही. तिचा आवाज आला आणि तो मागे सरला.

आता अंगणात दोरीच्या अलीकडे कुणी नाही, वरच्या कडेलाही कुणी नाही. माझ्या पाठीमागे भिंत हळूहळू पुढे येतेय. मला न्यायला कुणी धावू नका. मी जसं लटकायला हवं तसाच लटकतोय, अगदी सरळ, आणि खालच्या प्रत्येकाला ते दिसतंय.