सुकन्यानं शोधलेला ठिपका

साठ वर्षांपूर्वी चंद्रावर एक यान उतरलं होतं. त्यात माणूस नव्हता. ते नेमकं कुठं टेकलं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ती जागा परदेशातल्या अभ्यासकांना सापडल्याची बातमी श्रीनाथ सरांनी वाचली आणि सोबतचा नकाशा मोठा केला. जागा ओळखीची होती.

नांदेडच्या एका कॉलेजात सर फिजिक्स शिकवत. तीन वर्षांपूर्वी सुकन्या त्यांच्याकडं एम.एस्सी.ला होती. हिमायतनगरजवळच्या खेड्यातली, शेतकऱ्याची पोर. चंद्राभोवती फिरणारी यानं जे फोटो काढतात ते कुणालाही बघता येतात. त्यांत जुनी यानं हुडकायचं वेड सरांनीच तिला लावलं होतं. पोरीनं सहा महिने घातले. जुन्या यानानं पाठवलेल्या धूसर फोटोत क्षितिजावर टेकड्या दिसत होत्या. त्या तशा कुठून दिसतील हे तिनं ताडलं, सकाळच्या आणि संध्याकाळच्या उन्हातल्या सावल्या शेजारी ठेवून पाहिल्या आणि एका ठिपक्यावर बोट ठेवलं.

तो ठिपका कळवणारी तिची तेव्हाची मेल सरांनी शोधून काढली. खाली त्यांचं उत्तर होतं : ‘पाहिलं. तो दगड आहे. आता परीक्षेकडं लक्ष दे.’

पाहिलं नव्हतं. त्या आठवड्यात कॉलेजात तपासणी समिती यायची होती आणि टेबलावर फायलींचा ढीग होता. फोटो उघडायला पाच मिनिटं लागली असती.

तिचे अक्षांश-रेखांश त्यांनी आता बातमीतल्या जागेशी ताडून पाहिले. शंभर मीटरचाही फरक नव्हता.

"तिला कुठून कळणार आहे?" त्यांची बायको मुग्धा म्हणाली. "कशाला उकरून काढता?"

"तिला कळणार नाही, म्हणूनच जायला पाहिजे," सर म्हणाले.

रविवारी ते रेल्वेनं किनवटला गेले. सुकन्या तिथल्या एका आश्रमशाळेत शिकवत होती. मुली नळावर कपडे धूत होत्या. तिनं सरांना पडवीत खुर्ची दिली, पाणी दिलं. सरांनी मोबाईल पुढं केला.

"तुझा ठिपका बरोबर होता."

तिनं नकाशा बोटांनी मोठा केला. "हेच हाय," ती हळूच म्हणाली. "ह्या दोन खड्ड्यांच्या मधी." मग तीच सरांची समजूत घालायला लागली. "जाऊ द्या, सर. एवढासा तर ठिपका. कुणालाबी दगडच वाटला असता."

सुटायला वाट होती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"मी फोटो उघडलाच नव्हता," सर म्हणाले.

"पण तुम्ही लिहिलं होतं, पाहिलं म्हणून."

"खोटं लिहिलं होतं."

सुकन्यानं मोबाईल खाली ठेवला. "मी त्याच्यानंतर दोन महिने तोच फोटो बघून राहिले होते, सर. तुम्हाला दगड दिसला, मग मला का दिसत न्हाई म्हणून. शेवटी वाटलं, आपल्याच नजरेत खोट हाय. पीएचडीच्या मुलाखतीला पुण्याहून बोलावणं आलं होतं. गेले न्हाई."

हे सरांना ठाऊक नव्हतं.

"मी त्या अभ्यासकांना लिहितो. तुझी मेल जोडतो, तिच्यावर तारीख आहे."

"तुमचं उत्तरबी जोडा."

सर आता विभागप्रमुख होते. उत्तराखाली त्यांचं पूर्ण नाव होतं. त्यांनी तिथंच बसून पत्र लिहिलं. ‘माझा अंदाज चुकला’ असं एक वाक्य त्यांच्या हातून गेलं. सुकन्यानं वाचलं आणि मोबाईल परत दिला. त्यांनी ते खोडून ‘मी न बघताच नाकारलं’ असं केलं आणि पाठवून दिलं.

महिन्याभरानं अभ्यासकांचं उत्तर आलं. ही जागा सुकन्यानं तीन वर्षं आधीच ओळखली होती, अशी नोंद ते नकाशाखाली करणार होते. सरांनी ते तिला पाठवलं. ‘मिळालं, सर,’ एवढंच तिनं कळवलं.

दिवाळीनंतर त्याच अभ्यासकांची आणखी एक मेल आली. सुकन्यानं दुसऱ्या एका हरवलेल्या यानाची जागा सुचवली होती आणि त्यांना ती पटली होती. अशा विद्यार्थिनीशी गाठ घालून दिल्याबद्दल त्यांनी सरांचे आभार मानले होते.

सरांना तिनं यातलं काहीच सांगितलं नव्हतं. त्यांनी फोन हातात घेतला, तिचा नंबर काढला. मग विचारायचा हक्क आपल्याला उरला नाही असं वाटून फोन ठेवून दिला.