तात्यांचं मशीन धरायचं का?

सकाळी सकाळी अंगणात असा गलका उठला होता की वाटेनं जाणाऱ्याला वाटावं, भावाभावांत वाटण्या चालल्यात. तसं काही नव्हतं. छपरावर सोलरच्या प्लेटा चढल्या होत्या, आता त्यांना जोडायला बॅटरी घ्यायची होती आणि ती केवढी घ्यायची यावर घर पेटलं होतं.

बॅटरीवाला मात्र खुर्चीत ऐसपैस बसून चहा फुंकत होता. असल्या भांडणांची त्याला सवय होती.

"हे बघा, मला एवढंच सांगा," तो म्हणाला, "लाइट गेल्यावर काय काय चाललंच पाहिजे? उगाच मोठी घेतलीत तर ढगाळ दिवसांत ती भरणारच नाही, पैसा आडवा पडून राहील. लहान घेतलीत तर ऐन वेळी मान टाकेल. ज्याला बॅटरी द्यायची त्याचीच वायर मी वेगळी काढणार. बाकीचं सगळं अंधारात."

"माझा दुधाचा फ्रीज आधी," थोरली सून म्हणाली. "दूध नासलं तर ते कोणाच्या डोक्यावर ओतू?"

"गोठ्यातला दिवा," थोरला म्हणाला.

"टीव्ही," धाकटा म्हणाला.

"टीव्हीवाचून कोणी मेलं नाही अजून," थोरल्यानं त्याला तिथंच झोपवलं.

धाकटी सून दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "माझी अंड्यांची पेटी."

पेटी म्हणजे अंडी उबवायची. त्या घरात धाकटीचं म्हणावं असं तेवढंच होतं. पिल्लं निघाली की ती विकायची आणि त्यावर तिला कोणाच्या तोंडाकडे बघावं लागत नव्हतं. पेटी चालवायला तिला शिकवलं होतं सासऱ्यांनी, तात्यांनी. त्यांचं उभं आयुष्य कोंबड्यांत गेलेलं. कोणतं अंडं भरलंय आणि कोणतं फुकट, हे ते दिव्यासमोर धरून बघताक्षणी सांगत. त्याच खुराड्यांच्या धुळीनं त्यांची छाती खाऊन टाकली होती. आता ते आतल्या खोलीत खाटेवर पडून असायचे, नाकात नळी, उशाशी हवा गाळून देणारं मशीन. मशीन बंद पडलं की पाण्याबाहेर काढल्यासारखी त्यांची तडफड व्हायची. लाइट गेली तर असावा म्हणून ऑक्सिजनचा सिलिंडर आणला होता. तो रिकामा होऊन बरेच दिवस झाले होते. भरून आणायला कोणाला सवड होईल तर ना!

"पेटी धरली," बॅटरीवाला म्हणाला. मग त्यानं कान टवकारले. "आणि ते आत काय घरघरतंय?"

इतका वेळ एकमेकांच्या उरावर बसणारी माणसं आता एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली.

"तात्यांचं मशीन," शेवटी धाकटा म्हणाला.

"ते धरायचं का? बघा, चोवीस तास चालणारी वस्तू आहे. ते धरलं तर मोठी बॅटरी. सोडलं तर लहानीत आरामात भागेल."

थोरल्यानं मान खाजवली. "बॅटरी टिकते किती?"

"नीट वापरलीत तर दहा वर्षं कुठं नाही गेली."

"झालं तर मग! दहा वर्षांच्या बॅटरीत ह्या पावसाळ्यापुरतं माणूस कशाला धरायचं?"

बॅटरीवाला हसला. हसावं की नाही हे न कळून हसला, पण हसला. थोरली म्हणाली, "हळू बोला जरा." असं बोलू नका, हे काही ती म्हणाली नाही. धाकटा चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत बसला.

खिडकी उघडी होती आणि तात्यांची छाती गेली होती, कान नव्हे. पोराचा शब्द न् शब्द त्यांनी ऐकला. त्यांना वाटलं, आता धाकटी बोलेल. तिचा श्वास त्यांना भिंतीपलीकडून ओळखू यायचा. ती तिथंच होती. पण मशीन धरायचं म्हटलं तर खर्च वाढला असता, आणि खर्च वाढला की थोरला पहिली कात्री पेटीला लावणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती ओठ मिटून उभी राहिली.

दुपारी पाणी घेऊन आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. "तात्या, मी बोलायला पाहिजे होतं."

"गप बसलीस ते बरं केलंस," तात्या म्हणाले. "पेटीवर पोट आहे तुझं."

तोंडानं म्हणाले. आतून त्यांना फार लागलं होतं. जिला हाताला धरून सगळं शिकवलं, तिनंही आपल्याला सोडलं, हे त्यांच्या मनातून काही केल्या जाईना.

लहान बॅटरी आली. भिंतीवरून नवी कोरी पांढरी वायर फिरली, स्वयंपाकघरात फ्रीजकडे गेली, गोठ्यात गेली, अंड्यांच्या खोलीत गेली. तात्यांच्या दारावरून गेली, पण आत काही शिरली नाही. खाटेवर पडल्या पडल्या ते तिच्याकडे बघत राहायचे.

पुढं शेजारच्या वस्तीवर लग्न निघालं. सगळं घर नटूनथटून निघालं. अंड्यांचे दिवस अगदी भरत आले होते, पिल्लं उद्या-परवा बाहेर पडणार, म्हणून धाकटीचा पाय निघत नव्हता. "संध्याकाळच्या आत येतोच," धाकटा म्हणाला. तात्यांच्या उशाशी तांब्या आणि मोबाइल ठेवला. थोरलीनं स्वयंपाकघराला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. म्हातारा साखर खातो, असं तिचं म्हणणं होतं.

दिवस कलायला आणि वारं सुटायला एकच गाठ पडली. वारं कसलं, नुसता धिंगाणा! पत्रे आपटायला लागले, धुळीनं आभाळ झाकलं, लांब कुठंतरी काहीतरी कडाडलं आणि लाइट गेली. मशीननं एक लांब कर्कश शीळ घातली आणि ते थांबलं.

तात्यांनी मोबाइल लावला.

"रस्त्यात झाड आडवं पडलंय," थोरला वाजंत्रीच्या आवाजावर ओरडला. "आता सकाळीच येणं होईल. खिडकी उघडून शांत पडून राहा. आणि अंड्यांच्या पेटीचा दिवा चालू आहे ना, तेवढं बघा!"

"अरे, माझा श्वास—"

फोन बंद झाला होता.

तात्या उठले. कसे उठले त्यांचं त्यांना माहीत. मशीनला चाकं होती. ते ढकलत, भिंतीला धरत, दर पावलाला थांबत ते पांढऱ्या वायरीच्या मागं मागं गेले. स्वयंपाकघराला कुलूप. म्हणजे फ्रीजची पिन काही काढता येत नव्हती. गोठ्याच्या वायरीला नुसता दिवा. तिसरी वायर अंड्यांच्या खोलीत जात होती. तिथं पेटीचा तांबडा दिवा शांतपणे जळत होता.

पेटीशेजारच्या सॉकेटमध्ये त्यांनी मशीनची पिन खुपसली. मशीन घरघरलं, तात्यांनी एक घोट हवा घेतली, तेवढ्यात भिंतीवरची बॅटरी किंचाळली आणि सगळंच विझलं. मशीनची पिन काढली. बॅटरीचं बटण दाबलं. तांबडा दिवा परत लागला. म्हणजे दोघांचं ओझं तिला झेपत नव्हतं. एक तर अंडी, नाही तर तात्या.

वारं क्षणभर पडलं आणि त्या शांततेत त्यांना आवाज आला. चिव्. कवचाच्या आतून, अगदी बारीक. मग दुसरीकडून टकटक. तात्यांनी हा आवाज आयुष्यभर ऐकला होता आणि तो आला की त्यांना दरवेळी हसू यायचं. आत्ता त्यांच्या डोळ्यांपुढं अंधारी येत होती.

"मलाही जगायचंय रे," ते पेटीला म्हणाले, आणि त्यांनी पेटीची पिन उपटून मशीनची खुपसली.

हवा आली. गार, भरपूर, फुकट मिळाल्यासारखी. डोकं ठिकाणावर आलं तशी त्यांना लाज वाटली. कोंबडी अंड्यांवरून उठली की टोपलीवर गोधडी टाकायची, ऊब धरून राहते, हे त्यांनी लहानपणापासून केलेलं. खांद्यावरची गोधडी त्यांनी काढली, घडी करून पेटीवर नीट पसरली, चारी बाजूंनी चापून बसवली. स्वतः थंडीत कुडकुडत बसले. सकाळपर्यंत ऊब टिकेल, असं म्हणत म्हणत भिंतीला टेकून त्यांचा डोळा लागला.

उजाडल्यावर सगळे आले. धाकटी चपला न काढताच आत धावली. तिनं गोधडी उचलली, झाकण काढलं. पुष्कळ अंड्यांचा टवका उडाला होता आणि टवक्यातून इवल्या चोची बाहेर आल्या होत्या. चोची उघड्या होत्या. एकही हलत नव्हती.

तिनं एक अंडं तळहातावर घेतलं.

"गोधडी घातली होती गं मी," तात्या म्हणाले. "थंडी लागू नये म्हणून."

"कोमट आहेत अजून," धाकटी म्हणाली. तिचा आवाज कोरडा ठणठणीत होता. "थंडीनं नाही गेली, तात्या. ही टोपली नव्हे. झाकणाला भोकं आहेत, ती झाकलीत तुम्ही. श्वास नाही मिळाला त्यांना."

तात्यांचं तोंड उघडं राहिलं. नळी नाकात होती, मशीन चालू होतं, तरी त्यांना हवा पुरेना.

थोरल्यानं घर डोक्यावर घेतलं. म्हाताऱ्याला अक्कल नाही, म्हाताऱ्यानं घर बुडवायचं ठरवलंय, काय वाट्टेल ते बोलला. आणि दुपारच्या आत बॅटरीवाल्याला बोलावलं. या खेपेला अंगणात भांडण नाही, गलका नाही.

"मोठीच बसव," थोरला म्हणाला.

"काय काय धरायचं?"

"आधी म्हाताऱ्याचं मशीन धर. नाही तर पुढच्या खेपेला परत पेटी बंद करून ठेवेल."

वायर तात्यांच्या खोलीत शिरली. त्यांच्या उशाशी नवा सॉकेट बसला.

संध्याकाळी धाकटी चहा घेऊन आली. रोज ती कप त्यांच्या हातात द्यायची. आज तिनं तो उंबऱ्यावर ठेवला.

"मला धरलं म्हणे," तात्या म्हणाले.

"धरलं," ती म्हणाली आणि गेली.

खिडकीतून ती त्यांना दिसत होती. अंगणात पेटी पालथी घालून बसली होती आणि काडीनं झाकणाचं एकेक भोक साफ करत होती. तात्यांना तिला हाक मारायची होती, पण काय म्हणून मारायची ते त्यांना सुचेना. उशाशी मशीन घरघरत होतं. आता लाइट गेली तरी ते बंद पडणार नव्हतं.