डॉक उजवीकडे

आमचे हे आजारपणामुळे दोन महिने घरी पडून दुकानात परतले, आणि पहिल्या दिवसापासून एकच धोशा लावून बसले. "माझा अक्षरं लिहायचा प्रोग्रॅम कुणी काढून टाकला?"

कुणी म्हणजे थोरल्यानं. नाव घेत नव्हते, पण बोट त्याच्याकडेच. आमचं पाट्यांचं दुकान थोरल्याला बंद करायचं होतं, हे खरं. यांना मेंदूचा झटका येऊन गेल्यावर त्यानं पाटीवरच्या अक्षरांचे स्टिकर कापायच्या मशीनला गिऱ्हाईकही शोधून ठेवलं होतं. रविवारी सकाळी तो माणूस मशीन न्यायला येणार होता. पण म्हणून पोरगा बापाचा प्रोग्रॅम काढून टाकेल? माझं पोर हट्टी आहे, कपटी नाही.

"बाबा, हा काय, तुमच्या नाकासमोर आहे!" तो म्हणे. आणि होताच. पडद्याच्या तळाशी प्रोग्रॅमच्या चित्रांची रांग असते, डॉक म्हणतात तिला. त्या रांगेतलं डावीकडून पहिलंच चित्र. गेली बारा वर्षं तिथंच होतं. हे बघायचे, कपाळाला आठ्या घालायचे आणि म्हणायचे, "मला वेड्यात काढू नकोस."

शनिवारी थोरल्यानं मला बाजूला घेतलं. "आई, बाबांचं डोकं आता साथ देत नाही. उद्या मशीन जाऊ दे. गिऱ्हाइकांसमोर शोभा नको."

"डोकं?" मी म्हटलं. "सकाळी त्यांनी लांबून बघून सांगितलं, समोरच्या पाटीचा एक स्क्रू ढिला झालाय. जाऊन बघितलं तर खरंच ढिला. डोकं जागेवर आहे. दुसरंच काहीतरी बिनसलंय, आणि ते मी शोधून काढते."

फुशारकी मारत नव्हते. मशीनचं पातं बदलण्यापासून रुसलेला प्रिंटर समजावण्यापर्यंत या दुकानात सगळं मी केलंय, आणि या माणसाबरोबर एकतीस वर्षं काढलीत. दोघांत कॉम्प्युटर सोपा.

मी यांच्याशेजारी स्टूल ओढलं. "अहो, खालच्या रांगेतली चित्रं वाचून दाखवा बरं."

"मी काय बालवाडीत आहे?"

"आहात असं समजा."

कुरकुरत त्यांनी सुरुवात केली. "कॅल्क्युलेटर. फोटो. प्रिंटर. कचऱ्याची पेटी. झालं."

रांगेत नऊ चित्रं होती. यांनी वाचली चार, तीही उजव्या टोकाची. पुन्हा वाचायला लावली, पुन्हा तीच चार. मी डावीकडचं पहिलं चित्र माउसनं धरलं, ओढत नेलं आणि कॅल्क्युलेटर अन् फोटोंच्या मध्ये सोडून दिलं.

"अगं, आला की!" हे खुर्चीतून उठलेच. "कुठे दडवला होतास?"

"दडवला नव्हता. डावीकडे होता."

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, अशा झटक्यानंतर कधीकधी दोन्ही डोळ्यांना डावीकडचं दिसेनासं होतं. तिथं अंधार वगैरे काही दिसत नाही, त्यामुळे काही कमी दिसतंय हे माणसाला कळतच नाही. सोमवारी घेऊन या, तपासू.

मी सगळं यांना सांगितलं. हे म्हणाले, "म्हणजे मला वेड लागलेलं नाही."

"नवीन नाही. जुनं होतं तेवढंच आहे."

ते हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा हसले. मी डॉकच्या सेटिंगमध्ये जाऊन जागा बदलली, खालची काढून उजवी केली. सगळी रांग उठली आणि पडद्याच्या उजव्या कडेला उभी राहिली. यांनी वरपासून खालपर्यंत नऊच्या नऊ चित्रं मोजली, आणि कुणी न सांगता दातांच्या डॉक्टरांची अडलेली पाटी करायला घेतली. मी रुबाबात थोरल्याला हाक मारली.

अर्ध्या तासानं पडद्यावर पाटी तयार झाली. अक्षरं देखणी, यांच्याच हातची. पण सगळं नाव उजव्या अर्ध्यात दाटीवाटीनं बसलेलं, आणि डावा अर्धा कोरा.

थोरल्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या हातात कीव होती, आणि ती मला मिरचीसारखी झोंबली. हात झटकून मी माउस घेतला, पाटीची खिडकी लहान केली आणि सगळीच्या सगळी पडद्याच्या उजव्या बाजूला सरकवली.

हे पुढे वाकले. "ही पाटी कुणी केली? डावीकडे एवढं मैदान मोकळं सोडलंय! कसला कारागीर हा?"

मी म्हटलं, "तुम्ही. आत्ताच."

यांचा चेहरा पडला. मला वाटलं, आता उठतात आणि घरी चला म्हणतात. पण त्यांनी खुर्ची पुढे ओढली, अक्षरं एकेक करून सरकवली, अंतरं पुन्हा मापली. दहा मिनिटांत नाव पाटीच्या बरोबर मध्यावर आलं.

मग पडद्यावरची नजर न काढता ते थोरल्याला म्हणाले, "मी तुझ्यावर उगाच आळ घेतला. चुकलं माझं." एकतीस वर्षांत हे वाक्य माझ्या वाट्याला एकदाही आलेलं नाही. "आणि पाटी बाहेर जायच्या आधी तिची डावी बाजू कुणीतरी बघायला हवी. तू बघशील?"

थोरला म्हणाला, "मला नोकरी आहे, बाबा. रोज संध्याकाळीच जमेल."

"पाट्या संध्याकाळपर्यंत थांबतात."

थोरल्यानं खिशातून फोन काढला. बाहेरही गेला नाही, आमच्यासमोरच बोलला. "उद्या येऊ नका. मशीन विकायचं नाहीये आम्हाला."